आठ कोअर, तेरा टक्के: एका कास्टिंग सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा मल्टीकोअरपर्यंतचा प्रवास

कंपनी आणि ग्राहक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळेचे आकडे सोयीसाठी पूर्णांकात आणले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जसं होतं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातली ही मध्यम आकाराची कंपनी फाउंड्र्यांसाठी कास्टिंग सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बनवते. वितळलेला धातू साच्यात ओतल्यावर कुठून कसा गोठत जाईल, सगळ्यात शेवटी कुठे गोठेल आणि त्यामुळे श्रिंकेजची, म्हणजे धातू आकसल्याने होणारी, पोकळी कुठे पडेल, हे साचा पाडायचा पॅटर्न बनवण्याआधीच संगणकावर दाखवायचं, हे त्याचं काम. ग्राहक मुख्यतः कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले, शिवाय काही बेळगाव, राजकोट आणि कोईमतूरचे. रायझर, म्हणजे आकसणाऱ्या कास्टिंगला जादा धातू पुरवणारा साठा, कुठे ठेवायचा आणि केवढा ठेवायचा, हे पूर्वी जुन्याजाणत्यांच्या अंदाजाने ठरायचं. अंदाज चुकला की पॅटर्न बदलायचा, पुन्हा ओतून बघायचं, आणि तोवर माल भंगारात. मी तिथे चाचणी विभागात होते. सपोर्टचे फोनही आमच्याच टेबलावर वाजायचे.

सॉफ्टवेअरचा गाभा म्हणजे सॉल्व्हर. तो कास्टिंग आणि साचा यांचे मिळून दोन-दोन मिलिमीटरचे घन पाडतो. मध्यम आकाराच्या कास्टिंगला साठेक लाख घन होतात. मग वेळेचं एक छोटं पाऊल टाकायचं आणि प्रत्येक घनाचं नवं तापमान त्याच्या सहा शेजाऱ्यांवरून काढायचं. धातू पूर्ण गोठेपर्यंत अशी ऐंशी हजारांच्या आसपास पावलं पडतात. हा सॉल्व्हर नव्वदच्या दशकात एका ज्येष्ठ अभियंत्याने फोरट्रानमध्ये लिहिला आणि पुढे त्यांनीच तो सी प्लस प्लसमध्ये आणला. ऑफिसात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. सॉल्व्हरची नस अन् नस त्यांना ठाऊक होती, आणि ती फक्त त्यांनाच ठाऊक होती.

इतकी वर्षं वेग वाढवायला कंपनीला फारसं काही करावं लागलं नव्हतं. ग्राहकाने नवा पीसी घेतला की तेच सॉफ्टवेअर आपोआप जास्त वेगाने पळायचं. ट्रान्झिस्टर लहान होतील तसा त्यांना लागणारा व्होल्टेजही उतरेल आणि उष्णता आटोक्यात राहील, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. पुढची तीस वर्षं क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग, याच हिशोबावर चढत गेलं. मग व्होल्टेज उतरायचं थांबलं, विजेची गळती वाढली आणि चिप तापायला लागली. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ च्या शेवटी ३.८ गिगाहर्ट्झला जाऊन थांबला. त्याच्या पुढची 'तेजस' नावाची चिप इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ या चिपवर दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे दोन भाग, बसवले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनी साध्या डेस्कटॉपसाठी दुहेरी कोअरचे प्रोसेसर आणले. त्या दिवसापासून नव्या पीसीबरोबर मिळणारा वेग प्रोग्रामरने स्वतः कमवायचा होता. पण बाजारात अशी असंख्य सॉफ्टवेअर होती जी पुढची पाच-सात वर्षं एकाच कोअरवर चालत राहिली. आमचं त्यांतलंच एक.

अडचण

२०१२ मध्ये शिरोलीच्या एका फाउंड्रीतून मेथड्स विभागाच्या, म्हणजे कास्टिंगची मांडणी ठरवणाऱ्या विभागाच्या, इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, नवा पीसी घेतला, आयसेव्हन. टास्क मॅनेजरला आठ खिडक्या दिसत्यात. पण तुमचं सॉफ्टवेअर तेरा टक्क्यांच्या वर सरकंना. जुन्या पीसीवर साडेपाच तास लागायचं, ह्याच्यावर पाच. मग आम्ही पैसे घातलं कशाला?"

त्यांचं निरीक्षण अचूक होतं. आठ भागांतला एकच भाग कामात असेल तर साडेबारा टक्के होतात, आणि टास्क मॅनेजर ते तेरा दाखवतो. त्या प्रोसेसरचं क्लॉक ३.४ गिगाहर्ट्झ होतं, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या पेंटियम ४ पेक्षाही कमी. एकेका कोअरच्या आतली रचना सुधारली होती, त्यामुळे थोडा फायदा झाला, बस. आणखी एक गोष्ट त्यांना सांगणं भाग होतं: खिडक्या आठ असल्या तरी खरे कोअर चारच. हायपरथ्रेडिंगमुळे एकाच कोअरचे दोन दिसतात.

असे फोन वाढत गेले. विक्री विभागाला त्यात धोका दिसला, कारण परदेशी स्पर्धक आपल्या माहितीपत्रकावर 'मल्टीकोअर' असं ठळक छापत होते. व्यवस्थापनाकडून निरोप आला: सहा महिन्यांत आपलंही मल्टीकोअर व्हायला हवं.

गाभ्याला हात लावण्याआधी आम्ही एका नेहमीच्या कामाची वेळ टप्प्याटप्प्याने मोजली. एकूण ३०० मिनिटं. त्यातली २० घन पाडण्यात, २४० सॉल्व्हरमध्ये, २५ पोकळीचा अंदाज काढण्यात आणि १५ निकालाच्या फायली लिहिण्यात जात होती. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे सरळ लागू होतो. सॉल्व्हर चार कोअरवर अगदी आदर्शपणे चारपट वेगाने पळवला, तरी २४० ची ६० होतील आणि उरलेली ६० तशीच राहतील. एकूण १२० मिनिटं, म्हणजे अडीचपट. कोअर कितीही वाढवले तरी पाचपटीच्या पुढे जाता येणार नाही, कारण ती ६० मिनिटं जागची हलत नाहीत. हा हिशोब फळ्यावर मांडल्यावर विक्री विभागाने 'आठपट वेगवान' हे शब्द जाहिरातीतून काढले. पूर्ण प्रकल्पात सगळ्यात स्वस्तात पदरात पडलेला फायदा म्हणजे तो तासाभराचा हिशोब, असं मी आजही म्हणेन.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सॉल्व्हरला हात न लावण्याचा होता. मेथड्स इंजिनिअर एकाच कास्टिंगसाठी रायझरच्या तीन-चार मांडण्या करून बघतो. त्या चारही एकाच वेळी चार वेगळ्या प्रोसेस म्हणून चालवायच्या. प्रत्येक काम पाच तास तरी घेईलच, पण संध्याकाळी लावून ठेवलेली चारही कामं रात्रीतच उरकतील. कोडमध्ये बदल जवळपास शून्य. अडचण दोन ठिकाणी होती: चारही कामं मावतील एवढी मेमरी हवी, आणि आमचा डोंगल, म्हणजे पीसीला लावायची परवान्याची किल्ली, एका वेळी एकच काम चालू द्यायचा.

दुसरा पर्याय म्हणजे आहे तोच सॉल्व्हर थ्रेडवर आणायचा, म्हणजे एकाच प्रोग्रामचं काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांत वाटायचं. त्यासाठी साधनं उपलब्ध होती. कोडमध्ये खुणेच्या ओळी टाकून लूप थ्रेडमध्ये वाटणारं ओपनएमपी १९९७ मध्ये फोरट्रानसाठी आणि १९९८ मध्ये सी आणि सी प्लस प्लससाठी आलं होतं. त्याच कामाची इंटेलची टीबीबी लायब्ररी २००६ पासून मिळत होती. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकात थ्रेड भाषेचाच भाग झाले होते, पण आम्ही मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रामिंगच्या साधनाच्या २००८ च्या आवृत्तीवर होतो आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते थ्रेड २०१२ च्या आवृत्तीत आले. ओपनएमपी मात्र २००८ च्या आवृत्तीतही होतं. जुनं, २.० आवृत्तीचं, पण आमच्या कामाला पुरेसं.

तिसरा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरकडून आकडेमोड करून घ्यायची. त्यासाठीचं एनव्हिडियाचं कुडा २००७ मध्ये आलं होतं आणि आमची आकडेमोड त्याला शोभणारी होती. पण ग्राहकांच्या टेबलावरचे पीसी पाहिले तर बहुतेकांत मदरबोर्डवरच्याच ग्राफिक्सवर भागवलेलं होतं. वीस-पंचवीस हजारांचं कार्ड घ्या असं सांगून विक्री करायला कोणी धजावेना.

चौथा, सगळं नव्याने लिहायचं. तरुण मंडळींना हाच हवा होता. सरांनी एकच प्रश्न विचारला: जुन्या सॉल्व्हरमध्ये फाउंड्रीत प्रत्यक्ष ओतलेल्या कास्टिंगशी ताडून जुळवलेले जे शेकडो बारकावे आहेत, ते नव्यात आले की नाही हे कोण तपासणार? त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं आणि विषय तिथेच संपला.

निर्णय असा झाला: पहिला पर्याय 'रात्रीची रांग' या नावाने लगेच द्यायचा, डोंगलमध्ये एका संगणकावर चार कामांची मुभा ठेवायची, आणि दुसऱ्या पर्यायावर खरं काम सुरू करायचं. लायसन्स कोअरमागे लावायचं का, यावरही चर्चा झाली. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये कोअर न मोजता प्रोसेसर मोजायचं ठरवलं होतं, आणि एसक्यूएल सर्व्हर या त्यांच्या डेटाबेसच्या २०१२ च्या आवृत्तीपासून तेही कोअर मोजू लागले. आमच्या संचालकांनी दहा मिनिटांत विषय मिटवला: कोल्हापूरचा ग्राहक हे ऐकूनच घेणार नाही.

काय केलं

*पहिली दुपार.* सॉल्व्हरच्या मुख्य लूपवर एका तरुण सहकाऱ्याने ओपनएमपीची एक ओळ टाकली. कंपाइल झालं, चार कोअर कामाला लागले, २४० मिनिटांचं काम दीडशेवर आलं. पेढे आणायची भाषा सुरू झाली. मी निकालाची फाइल जुन्या फायलीशी ताडून पाहिली तर एका बारीकशा भागात तापमान वेडंवाकडं होतं. तेच काम पुन्हा चालवलं तर सगळं ठीक. तिसऱ्यांदा चालवलं तर गडबड दुसऱ्याच ठिकाणी.

मूळ सापडायला आठवडा गेला. तापमान बदललं की धातूची उष्णतावाहकता बदलते. तिचं कोष्टक होतं आणि त्यातून मूल्य काढणारं एक छोटं फंक्शन. नव्वदच्या दशकात सरांनी त्यात एक हुशारी केली होती: मागच्या वेळी कोष्टकातली कुठली ओळ लागली ते एका स्टॅटिक, म्हणजे फंक्शन संपलं तरी मूल्य न विसरणाऱ्या, चलात जपून ठेवायचं, म्हणजे पुढचा शोध तिथूनच सुरू होतो. शेजारच्या घनाचं तापमान जवळपास सारखंच असल्याने शोध बहुतेक वेळा पहिल्याच फटक्यात संपायचा. एका थ्रेडसाठी ही उत्तम युक्ती होती. चार थ्रेड आल्यावर मात्र ते चल चौघांचं सामाईक झालं. एकाने ओळ शोधून ठेवली आणि ती वापरण्याआधीच दुसऱ्याने बदलली, तर पहिला भलत्याच ओळीवरून आकडा काढतो. साठ लाख घन, ऐंशी हजार पावलं. त्यात असा योग कधीतरी येणारच.

लगेच सुचणारा उपाय म्हणजे कुलूप लावणं, म्हणजे त्या चलापाशी एका वेळी एकाच थ्रेडला सोडणं. ते लावलं. निकाल बरोबर आले आणि काम २४० मिनिटांच्याही पुढे गेलं, कारण चौघेही त्याच एका दारापाशी रांग लावून उभे होते. खरा उपाय सामाईक चलच काढून टाकण्याचा होता. कोष्टक समान अंतराच्या तापमानांवर पुन्हा मांडलं, त्यामुळे ओळ शोधायची गरजच संपली. एका भागाकारात जागा मिळते. कोड सहा ओळींनी कमी झाला.

*निर्णयाची पहिली जागा: 'तीसात एकदा' चालेल का?* याच सुमारास दुसरी एक गडबड शिल्लक होती. ती तीसेक वेळा काम चालवल्यावर एखाद्या वेळी यायची. मुदत जवळ आली होती. व्यवस्थापनातून सूचना आली की आवृत्ती बाहेर जाऊ द्या, ग्राहकाकडे अडचण आली तर पुन्हा चालवायला सांगू. मी विरोध केला आणि सरांनी माझी बाजू घेतली. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात जी प्रचंड वीज गेली, तिच्या कारणांमध्ये नियंत्रण कक्षातली धोक्याच्या सूचनांची यंत्रणा मुकाट बंद पडणं हे एक कारण होतं, आणि त्यामागे अशीच एक रेस कंडिशन, म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच जागी हात घातल्याने होणारी चूक, सापडली होती. ती यंत्रणा त्याआधी दीर्घकाळ बिनतक्रार चालली होती. आमच्या चुकीने कोणाची वीज जाणार नव्हती. पण ग्राहकाला चूक झाल्याचं कळणारच नव्हतं. पडद्यावर लाल-पिवळं सुबक चित्र येणार, त्यावर विश्वास ठेवून तो रायझर हलवणार. क्रॅश झालेला प्रोग्राम निदान आपण बिघडलो आहोत हे सांगतो. ही चूक काहीच सांगत नव्हती. आवृत्ती थांबली.

*निर्णयाची दुसरी जागा: शेवटच्या अंकाचा वाद.* इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं याच निर्णयावर उभं राहिलं.

वेळेचं पुढचं पाऊल केवढं टाकायचं, हे सॉल्व्हर संपूर्ण साच्यातल्या उष्णतेत झालेल्या बदलावरून ठरवायचा. त्यासाठी साठ लाख आकड्यांची बेरीज लागते. चार थ्रेडनी ती वाटून घेतली आणि शेवटी चार बेरजा एकत्र केल्या. कागदावर बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. संगणकाच्या दशांश आकड्यांत तसं होत नाही. प्रत्येक बेरजेला शेवटचे अंक गोलावले जातात, आणि क्रम बदलला की गोलावणं बदलतं. ओपनएमपीत कुठल्या थ्रेडची बेरीज आधी मिसळली जाईल याची हमी नसते. त्यामुळे एकच काम दोनदा चालवलं तर बेरजेचा पंधरावा-सोळावा अंक वेगळा येऊ शकायचा. कधीतरी तो फरक पावलाच्या उंबरठ्यावर पडायचा, पाऊल किंचित वेगळं पडायचं, आणि हजारो पावलांनंतर शेवटी गोठणारी जागा एखाद्या घनाने सरकलेली दिसायची.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोन मिलिमीटरचा फरक क्षुल्लक. वाळूच्या साच्यात त्याहून मोठ्या अनिश्चितता असतात. तरुण सहकाऱ्यांचं म्हणणं हेच होतं, आणि शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. पण आमचा ग्राहक हा रिपोर्ट पुढे त्याच्या ग्राहकाला, म्हणजे वाहन कंपनीला, मंजुरीच्या कागदपत्रांत जोडतो. तिथल्या क्वालिटीच्या माणसाने स्वतःच्या पीसीवर तेच काम चालवलं आणि चित्र वेगळं आलं, तर पंधराव्या अंकाचं स्पष्टीकरण ऐकायला तो थांबणार नाही. "तुमचं सॉफ्टवेअर रोज वेगळं सांगतं" एवढंच तो लिहील.

शेवटी ठरलं की थ्रेड एक असो वा आठ, निकालाची फाइल बाइट अन् बाइट तीच आली पाहिजे. त्यासाठी घनांचे ठरावीक आकाराचे गट पाडले, थ्रेड कितीही असले तरी तेवढेच. प्रत्येक गटाची बेरीज कोणीही करो, ती त्या गटाच्या ठरलेल्या खणात ठेवायची, आणि सगळे खण नेहमी त्याच क्रमाने मिळवायचे. वेगात दोन-तीन टक्क्यांचा तोटा झाला.

या निर्णयाचा जो फायदा झाला तो आमच्यापैकी कोणीच धरलेला नव्हता. निकाल बाइटनिशी सारखा यायलाच हवा म्हटल्यावर चाचणी एकदम सोपी झाली. रोज रात्री तीच कामं एक, दोन, चार आणि आठ थ्रेडवर चालवायची आणि फायली ताडायच्या. एक बाइट जरी वेगळा दिसला तरी कुठेतरी रेस आहे. 'हा फरक गोलावण्याचा असेल' ही पळवाटच उरली नाही. ती तीसात एकदा येणारी गडबड या जाळ्यात चौथ्या रात्री सापडली. साचा आणि धातू जिथे भेटतात तिथली उष्णता काढणारा लूप प्रत्येक पृष्ठभागावरून जायचा आणि दोन्ही बाजूंच्या घनांत आकडा टाकायचा. दोन गटांच्या सीमेवरच्या घनात मग दोन थ्रेड एकदम लिहायचे आणि एकाची भर हरवायची. आम्ही तो उलटा केला: प्रत्येक घनाने सहा बाजूंची उष्णता स्वतः गोळा करायची, दुसऱ्याच्या घनात कोणी लिहायचं नाही. एकच आकडा दोनदा काढावा लागतो, पण भांडण मिटतं. इंटेलचं इन्स्पेक्टर हे रेस शोधणारं साधनही आम्ही वापरलं आणि त्याने मदतही केली. मात्र सॉल्व्हर त्याखाली इतका संथ चालायचा की छोट्याशा कामापलीकडे त्याला काही देता येत नव्हतं. फायली ताडण्याची रात्रीची चाचणी पूर्ण आकाराच्या कामावर चालायची, हा फरक मोठा होता.

*अडकलेला वेग.* आता निकाल बरोबर येत होते आणि सॉल्व्हर चार थ्रेडवर ११० मिनिटांना आला होता. आठ थ्रेड दिले तरी ११०. गटांचे आकार बदलले, कामाच्या वाटपाची पद्धत बदलली, थ्रेडचे मोजणी-आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असल्याने कॅशेच्या, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीच्या, ६४ बाइटच्या एकाच लाइनवर ओढाताण होत होती, तीही दूर केली. सगळं मिळून पाच-सात मिनिटं वाचली. यात तीनेक महिने गेले.

कारण थ्रेडमध्ये नव्हतंच. प्रत्येक घनाची सगळी माहिती एका ९६ बाइटच्या स्ट्रक्चरमध्ये होती: तापमान, एन्थाल्पी (घनातली एकूण उष्णता), पदार्थ, शेजाऱ्यांच्या खुणा, रंगवण्यासाठीचे आकडे, काय काय. मुख्य लूपला त्यातले जेमतेम पंचवीस बाइट लागायचे. पण मेमरीतून डेटा ६४ बाइटच्या लाइनने येतो, त्यामुळे नको असलेलंही सगळं बरोबर यायचं. साठ लाख घनांचे जवळजवळ ५८ कोटी बाइट प्रत्येक पावलाला मेमरीतून ओढले जायचे, आणि ८ मेगाबाइटच्या कॅशेत त्यातलं काहीच टिकत नव्हतं. पंगतीला वाढपी आठ ठेवले तरी भाताचं पातेलं एकच असेल, तर सगळे पातेल्यापाशीच खोळंबतात. मेमरीचा रस्ता चारही कोअरचा मिळून एकच होता.

तापमानांचा वेगळा अ‍ॅरे (आकड्यांची सलग रांग), एन्थाल्पीचा वेगळा, पदार्थाचा क्रमांक एका बाइटमध्ये, अशी मांडणी केली. त्यासाठी अडीचशेच्या वर फंक्शन्समध्ये हात घालावा लागला आणि हे काम सरांनी स्वतः केलं. एकाच थ्रेडवर सॉल्व्हर २४० वरून १३० मिनिटांवर उतरला. चार थ्रेडवर ४८. आठवर ४६.

*उरलेलं.* सॉल्व्हर ४८ झाल्यावर त्याच्याबाहेरची ६० मिनिटं सगळ्यात मोठी झाली. पोकळीचा अंदाज थ्रेडवर आणला तेव्हा तो २५ वरून ८ मिनिटांवर आला. फायली लिहायचं काम वेगळ्या थ्रेडकडे दिलं, त्यामुळे सॉल्व्हरला थांबावं लागेना. घन पाडण्याचा भाग बाहेरून घेतलेल्या लायब्ररीवर होता. ती एकाहून जास्त थ्रेडमधून वापरणं सुरक्षित नव्हतं, म्हणून तो होता तसाच ठेवला.

थ्रेडची संख्या मुळात खऱ्या कोअरइतकी, म्हणजे चार ठेवली. आठ दिल्याने दोन मिनिटं वाचत होती, पण त्या वेळात ग्राहकाला त्याच पीसीवर कॅड उघडून काम करणं अशक्य व्हायचं. प्रोसेसचं प्राधान्यही एक पायरी खाली ठेवलं.

निकाल

पाच तासांचं काम ८० मिनिटांच्या आसपास आलं. सहा महिन्यांची मुदत होती, लागले तेरा. विक्री विभाग नाराज होता, पण आवृत्ती बाहेर गेल्यावर चुकीच्या निकालाची एकही तक्रार आली नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या निकालांत शेवटच्या अंकांचा फरक राहणारच होता. तो लपवला नाही. कुठल्या कास्टिंगवर किती फरक येतो याचं कोष्टक आवृत्तीबरोबर पाठवलं. एका मोठ्या ग्राहकाने ते कोष्टकच मंजुरीच्या फायलीत लावलं.

'रात्रीची रांग' मात्र काही आठवड्यांतच तयार होऊन बाहेर गेली होती, आणि मोठ्या फाउंड्र्यांमध्ये आजही तीच जास्त वापरली जाते. ज्यांना रोज बारा-पंधरा मांडण्या तपासायच्या असतात त्यांना एक काम किती लवकर संपतं यापेक्षा सकाळपर्यंत किती कामं उरकतात हे महत्त्वाचं. ज्यांच्यासमोर ग्राहक बसलेला असतो आणि एकाच मांडणीचं उत्तर दुपारपर्यंत हवं असतं, अशा छोट्या फाउंड्र्यांना थ्रेडवरच्या सॉल्व्हरने खरा हात दिला.

आज करायचं झालं तर

सगळ्यात आधी क्रम बदलायला हवा. डेटाची मांडणी आधी, थ्रेड नंतर. नुसत्या मांडणीनेच २४० चे १३० होत होते, एकही रेस न ओढवून घेता. ती आधी झाली असती तर थ्रेडच्या वाटपावर खर्च झालेले तीन महिने वाचले असते आणि पहिली सुधारित आवृत्ती ठरल्या मुदतीत गेली असती. कामाची वेळ टप्प्याटप्प्याने मोजली होती, पण प्रत्येक पावलाला मेमरीतून किती बाइट ये-जा करतात हे मोजलं नव्हतं. ते आकडे मांडायला अर्धा दिवस पुरतो.

बाइटनिशी सारख्या निकालाचा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. आम्ही तो ग्राहकाच्या विश्वासासाठी लावला, त्याचा खरा उपयोग रेस पकडायला झाला. ज्यांचं काम असा नियम पाळू शकतं त्यांनी दोन-तीन टक्क्यांचा वेग खुशाल सोडावा. सगळ्यांना तो जमणार नाही. ज्या प्रोग्राममध्ये उत्तरच कामाच्या क्रमावर अवलंबून असतं, तिथे वेगळी वाट शोधावी लागेल.

जीपीयूबद्दलचा तेव्हाचा नकार त्या वेळच्या पीसींकडे पाहता योग्य होता. आज तो तसाच्या तसा टिकणार नाही. पण घन-घनाने स्वतःची उष्णता गोळा करायची आणि दुसऱ्याच्या खणात लिहायचं नाही, ही पद्धत जीपीयूलाही तशीच लागते. त्यामुळे ते काम वाया गेलेलं नाही.

आणि सरांबद्दल. अडीचशे फंक्शन्स त्यांनी एकट्याने बदलली, कारण दुसऱ्या कोणाला ती बदलताच आली नसती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी हे केलं. त्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून एक तरुण अभियंता बसवायला हवा होता. त्या स्टॅटिक चलासारख्या जुन्या युक्त्या आणखी कुठे कुठे दडल्या आहेत, याची यादी करायला तेव्हा दोघे लागले असते. प्रत्यक्षात ती यादी सर निवृत्त झाल्यावर, त्यांना घरी फोन करून, दोन वर्षांत हळूहळू पूर्ण झाली.